नवीन काळ्या गाडीला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) करावं का? फुल बॉडी की फक्त पुढचा भाग?

चाकण_रोजचं

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात गाडीची डिलिव्हरी आहे, मधल्या साइजची एसयूव्ही, रंग काळा. घरातली ही पहिलीच नवी कोरी गाडी (आधीची वॅगन आर सेकंड हँड घेतलेली) त्यामुळे घरी सगळ्यांना तिचं कौतुक आणि मला तिच्या रंगाची काळजी. परवा शोरूममधून फोन आला की सर डिलिव्हरीच्या आधीच पीपीएफ करून घ्या, फुल बॉडी, 1 लाख 25 हजार, पाच वर्षं वॉरंटी, गाडीला काही म्हणजे काही होणार नाही. मग मी बाहेर दोन ठिकाणी विचारलं, एकाने 85 हजार सांगितले दुसऱ्याने 55 हजार, आणि तिघंही छातीठोकपणे सांगतायत की आमची फिल्म टीपीयूच आहे. एकाच गोष्टीचे तीन भाव आणि फरक दुपटीहून जास्त, आता विश्वास कुणावर ठेवायचा सांगा.

माझं रनिंग सांगतो म्हणजे नीट सल्ला देता येईल. रोज चिंचवड ते चाकण एमआयडीसी, अधूनमधून तळेगावच्या प्लँटला जावं लागतं. तळेगाव-चाकण रस्ता ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, कंटेनर, डंपर, उघड्यावर खडी भरलेल्या गाड्या, आणि त्या पुढे असल्या की आपण काहीही केलं तरी एखादा खडा येऊन लागतोच. वॅगन आरच्या बोनेटची पुढची कड आणि बंपर अक्षरशः टवक्यांनी भरलेत. शिवाय गणपतीला आणि मे महिन्यात कणकवलीला गावी जाणं ठरलेलं. सोसायटीत ओपन पार्किंग आहे, वर भलंमोठं रेन ट्री, पक्षी भरपूर. सकाळी गाडी पुसायला एक मामा येतात, एक बादली आणि एक फडकं, त्यात आठ-दहा गाड्या होतात.

गाडी निदान आठ वर्षं ठेवायची आहे. सव्वा लाख खर्च करणं अगदीच अशक्य नाही पण त्या पैशात दुसरं बरंच काही होतं. तर फुल बॉडी करावं, पुढचाच भाग करावा, की नुसतं सिरॅमिक कोटिंग करून गप्प बसावं? ज्यांनी करून घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रंगदार_नाशिक

दादा, गाडीबद्दल अभिनंदन. मी नाशिकला डिटेलिंगचंच काम करतो, तुमची गाडी काही माझ्याकडे येणार नाही त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी फिल्म म्हणजे काय ते समजून घ्या म्हणजे तीन भावांचं कोडं आपोआप सुटेल. कंपनीतून येते त्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतात, त्यात सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. चांगली पीपीएफ एकटीच 180-200 मायक्रॉनची असते. म्हणजे सगळ्या रंगापेक्षा जाड असा एक लवचिक थर तुम्ही वरून चढवता, खडा आला की तो दबतो आणि मार पसरवून टाकतो, त्यामुळे टवका उडत नाही. हे तंत्र मुळात हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठी आलं, वाळू लागून पात्यांच्या कडा झिजायच्या म्हणून थ्रीएम कंपनीने युरेथेनची टेप काढली, तिथून ते रेसिंगच्या गाड्यांवर आणि मग आपल्या गाड्यांवर आलं. म्हणजे हिचं मूळ काम खडे-वाळूचा मार झेलणं हेच. बाकीचे फायदे आहेत पण ते वरचे.

आता टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन. त्यातही दोन जाती, अ‍ॅलिफॅटिक आणि अ‍ॅरोमॅटिक. पहिली उन्हात पिवळी पडत नाही (पडली तरी फार उशिरा), दुसरी पडते. त्याखाली टीपीएच नावाची एक येते, ती मुळात पीव्हीसीच, मऊपणासाठी त्यात तेलकट द्रव्यं घातलेली असतात, ती उन्हाने उडून गेली की फिल्म कडक होते, पिवळी पडते, तडकते. आणि सगळ्यात खाली साधी पीव्हीसी. चार-सहा महिने या सगळ्या दिसायला सारख्याच चकचकीत, म्हणून तर फसवणूक होते. 55 हजारात मोठ्या एसयूव्हीला फुल बॉडी अ‍ॅलिफॅटिक टीपीयू, नीट कडा आत वळवून, हे गणित मला तरी बसताना दिसत नाही. तो माणूस खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, पण त्याच्याकडे नक्की विचारा.

काय विचारायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे फिल्मचा तुकडा हातात मागा आणि ओढून बघा. टीपीयू रबरासारखी ताणली जाते आणि सोडली की हळूहळू परत येते, पीव्हीसी ताणली की तशीच राहते किंवा पांढुरकी होते. मग त्याच तुकड्यावर पितळी ब्रशने हलके ओरखडे काढायला लावा आणि वर गरम पाणी ओता, सेल्फ हीलिंगवाली असेल तर ओरखडे डोळ्यांदेखत नाहीसे होतात. (हे फक्त वरच्या थरातल्या बारीक चऱ्यांसाठी हां, किल्लीने कुणी रेघ ओढली आणि फिल्म चिरली तर ती कुठल्याही उन्हात भरून येत नाही.) दुसरं, रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा. पाच फूट रुंद आणि 15 मीटर लांब असा रोल येतो, एक छोटी गाडी त्यात जेमतेम होते, तुमच्या साइजला त्याहून जास्त लागू शकते. खोक्यावरचा नंबर आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर एकच हवा, आणि तो कंपनीच्या साइटवर तुमच्या गाडीच्या नंबराने रजिस्टर झालेला दिसला पाहिजे. नुसता दुकानाचा शिक्का मारलेल्या वॉरंटी कार्डाला काही अर्थ नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी विचारत नाही: फिल्म कापणार कुठे? काही जण अख्खी शीट गाडीवर टाकून गाडीवरच ब्लेडने कापतात. हात सफाईदार असेल तर ठीक, नाहीतर ब्लेड फिल्म कापून खाली क्लिअर कोटमध्ये उतरतं आणि ते तुम्हाला पाच-सात वर्षांनी फिल्म काढल्यावर दिसतं, बोनेटच्या कडेने बारीक रेघ, आणि तिथूनच पुढे गंज. मॉडेलप्रमाणे प्लॉटरवर (संगणकावरून कापणारं मशीन) कापलेली फिल्म लावणारा मिळाला तर तो बघा, किंवा ज्याचं हाताचं काम तुम्ही दुसऱ्या गाडीवर वर्षभर जुनं झालेलं बघितलंय असा. कंपनी कुठलीही चालेल, थ्रीएम घ्या, एक्सपेल घ्या, आपल्या संभाजीनगरच्या वाळूजची गरवारे घ्या, चांगली फिल्म वाईट हातात गेली तर वाया जाते. पैसे हाताला द्या.

भाट्ये_किनारा

रत्नागिरीहून लिहितेय. नवरा आणि मी दोघंही गाडी चालवतो, मुंबई-गोवा हायवेवर नेहमीची ये-जा आहे. या रस्त्याचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, कुठे पूर्ण काँक्रीट तर कुठे अर्धवट खडी टाकून डायव्हर्जन, त्यामुळे तुम्ही कणकवलीला जाताना तुमच्या गाडीला जे लागणार ते आमच्या गाडीला रोज लागतं.

आम्ही पुढचाच भाग करून घेतला, पूर्ण बोनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे), आरसे आणि हेडलाइट. त्याशिवाय मागच्या चाकाच्या पुढचा जो पत्रा असतो ना, मागच्या दाराचा खालचा कोपरा आणि चाकाची कमान, तिथे एक एक पट्टी. ही जागा लोक विसरतात. पुढचं चाक खडे उचलून बरोबर तिथे मारतं आणि आमच्या आधीच्या गाडीला पहिला गंज बोनेटला नाही, तिथेच धरला. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही, टवका उडाला तर फक्त वाईट दिसतो. पण पत्र्यावरचा टवका इथल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तपकिरी होतो आणि मग रंगाच्या आतून पसरत जातो, वरून फुगलेला दिसेपर्यंत कळतसुद्धा नाही.

हेडलाइट मुद्दाम सांगतेय कारण त्याची काच ही काच नसून पॉलीकार्बोनेट असतं, उन्हाने पिवळट धुरकट होतं. तेवढ्याला फिल्मचा खर्च काहीच नाही आणि उपयोग मात्र पुरेपूर.

आता फिल्म काय करत नाही तेही ऐका. जांभ्याची लाल माती फिल्मवरही बसते, धुवावीच लागते. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा पडतो, आंब्याखाली गाडी लावली तर सकाळी अख्खं बोनेट गुळाच्या पाकात बुडवल्यासारखं. तो तसाच उन्हात वाळू दिला तर फिल्मवरही डाग धरतो. तुमच्या रेन ट्रीखालीही असाच चिकट थेंबांचा सडा पडत असणार. पक्ष्यांची शीटही तीच गत, फिल्ममुळे रंग वाचतो, पण फिल्म स्वतः खराब होऊ शकते, म्हणजे लगेच पाणी मारून काढण्यातून सुटका नाही. आणि गाडीच्या खालच्या बाजूच्या गंजाशी पीपीएफचा काडीचा संबंध नाही. गावी समुद्राकाठी जाणार असाल तर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या आणि परत आल्यावर खालून प्रेशरने धुवून घ्या, हा खर्च मी पीपीएफच्या आधी करेन.

हिशेब_चोख

सगळं बरोबर आहे पण जरा आकडे मांडा. आमच्याकडे ठाण्यात मी मागच्या वर्षी बंपर आणि बोनेट दोन्ही ऑथराइज्ड वर्कशॉपमध्ये रंगवून घेतलं, दोन्ही मिळून बारा हजारांच्या आत झालं. 85 हजारात पुढचा अख्खा भाग सहा-सात वेळा रंगवून होईल. आठ वर्षांत तुम्ही तो फार तर दोनदा रंगवाल. मग फुल बॉडी फिल्मचा हिशेब बसतो कसा? छपरावर कुठला खडा येतोय? डिकीच्या दाराला कोण मारतंय? पार्किंगमध्ये स्कूटरच्या हँडलने जे होतं त्यात नुसता ओरखडा क्वचित असतो, डेंट असतो, आणि डेंट फिल्मने थांबत नाही, उलट त्या पॅनेलचं काम करायचं म्हटलं की आधी फिल्म फाडा मग डेंटिंग मग रंग मग नव्या फिल्मचा वेगळा खर्च.

रीसेलला भाव मिळतो म्हणून सांगतात, मला नाही वाटत. जुनी गाडी घेणारा किलोमीटर, सर्व्हिस हिस्टरी, टायर, अ‍ॅक्सिडेंट बघतो. फिल्मचे म्हणून वेगळे पन्नास हजार काढून कोण देणार?

माझं मत, कलर कोडवाली टचअपची बाटली घ्या (कोड दाराच्या आतल्या खांबावर किंवा बोनेटखालच्या प्लेटवर असतो), टवका दिसला की त्याच आठवड्यात ठिपका लावा, उरलेले पैसे चांगल्या टायरना आणि डॅशकॅमला घाला.

रंगदार_नाशिक

हिशेब साहेबांचा मुद्दा छप्पर आणि डिकीपुरता मला पूर्ण मान्य आहे. एका गोष्टीवर मात्र थांबतो. बोनेट रंगवून घेणं आणि कंपनीचा रंग शाबूत राहणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. कंपनीत नुसता पत्रा असताना 140 डिग्रीच्या आसपास भट्टीत रंग भाजतात. वर्कशॉपमध्ये गाडीला वायरिंग, प्लॅस्टिक, रबर सगळं बसलेलं, तिथे 60-80 च्या वर जाताच येत नाही, आणि रंगसुद्धा त्या तापमानाला सुकणारा वेगळाच असतो. शिवाय मेटॅलिक किंवा पर्ल शेड असली की बाजूच्या फेंडरशी मॅच करताना चांगल्या पेंटरचाही कस लागतो. आणि जुन्या गाड्या घेणारे हल्ली खिशात पेंटचं मीटर घेऊन येतात. 120 मायक्रॉनच्या जागी बोनेटवर 250 दिसलं की पहिला प्रश्न येतो, समोरून ठोकलीय का? म्हणजे फिल्मचे पैसे परत मिळत नाहीत हे खरं, पण ओरिजिनल रंगाची किंमत आहे.

आणि काळा रंग. चाकणवाले दादा, तुमच्या एका बादली-एका फडक्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. खड्यांपेक्षाही तुमच्या गाडीची शोभा हे फडकं आधी घालवणार आहे. दहा गाड्यांची धूळ-माती त्या एका फडक्यात, ते कोरड्या किंवा अर्धवट ओल्या काळ्या रंगावर रोज गोल गोल फिरतंय, सहा महिन्यांत उन्हात बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतील. पांढऱ्या गाडीला हेच होतं पण डोळ्याला दिसत नाही. मामांना स्वतःचे दोन मायक्रोफायबर आणि वेगळी बादली आणून द्या, महिन्याला शंभर-दोनशे जास्त द्या, आणि सांगा की रोज पुसू नका, दोन दिवसांआड भरपूर पाणी मारूनच पुसा. याचा खर्च हजार रुपयेसुद्धा नाही.

ऊसपट्टा_इस्लामपूर

आमच्याकडे कारखाने चालू झाले की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बाहेर लोंबणारा ऊस, आणि अरुंद रस्ता. क्रॉसिंगला ऊस गाडीच्या बाजूला घासून जातो, टवके नाही पण लांबच लांब ओरखडे. त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजूंची चारी दारं करण्यात अर्थ होता आणि केली. चारेक सीझन झाले, फिल्मवर घासल्याच्या खुणा आहेत पण बऱ्याचशा उन्हाने निघून गेल्या, खालचा रंग शाबूत. मुद्दा एवढाच की ज्याच्या त्याच्या रस्त्यावर आहे, शोरूमचं पॅकेज बघून ठरवू नका.

चाकण_रोजचं

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ताई, मागच्या चाकाच्या पुढची जागा वॅगन आरला जाऊन बघितली, अगदी तिथेच रंग फुगलाय, तुम्ही म्हणता तस्संच.

आता तीन शंका राहिल्या. एक, सिरॅमिक कोटिंगवाला म्हणतो की 9एच हार्डनेस आहे, खडा लागला तरी काही होत नाही, हे खरं का? दोन, फिल्म लावलेली गाडी ठोकली तर इन्शुरन्समध्ये फिल्मचे पैसे मिळतात का? तीन, सोसायटीतला एक जण म्हणाला की गाडीला फिल्म लावली की पोलीस फाइन मारतात, हे काय आहे?

रंगदार_नाशिक

तिसऱ्याचं आधी, ते काचेच्या काळ्या फिल्मबद्दल आहे, 2012 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वगैरे, त्याचा आणि पत्र्यावरच्या पारदर्शक पीपीएफचा काही संबंध नाही. रंगीत रॅप करून गाडीचा रंगच बदलला तर मात्र आरसी बुकात रंग बदलून घ्यावा लागतो, ते लक्षात ठेवा.

सिरॅमिकचं 9एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची मोजपट्टी आहे, 9एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. एवढंच. कोटिंगची जाडी असते एक-दोन मायक्रॉन, फार तर थोडी जास्त. ते खडा काय थांबवणार? त्याचं काम वेगळं, पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, चकाकी येते. त्या कामाला ते चांगलंच आहे. तुमच्या केसमध्ये पुढे फिल्म आणि बाकी अंगाला सिरॅमिक हे जमण्यासारखं आहे. खड्यासाठी सिरॅमिक विकणाऱ्याकडे मात्र जाऊ नका, जो हे सांगतो तो बाकीचंही तसंच सांगत असणार.

सर्व्हेवाला

इन्शुरन्सचं मी सांगतो, याच क्षेत्रात आहे. पॉलिसी जी उतरवतात ती कंपनीतून आलेल्या गाडीची. तुम्ही नंतर बाहेरून जे लावता ते, म्हणजे पीपीएफसुद्धा, पॉलिसीत वेगळं नोंदवून त्याचा वेगळा प्रीमियम भरला नसेल तर क्लेममध्ये सहसा मिळत नाही. एजंटला आधीच लेखी विचारा की फिल्मची किंमत अ‍ॅक्सेसरीमध्ये धरता येते का, आणि बिल जीएसटीसकट पक्कं घ्या, कच्च्या पावतीवर कुणी काही देणार नाही.

आता हिशेबवाल्या भाऊंच्या गणितात एक भर घालतो. रंगकामाला क्लेम टाकू असं बरेच जण म्हणतात. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर रंगाच्या मटेरियलवर 50 टक्के घसारा कापतात, प्लॅस्टिकच्या बंपरवरही 50 टक्के. वरून दर क्लेमला सक्तीची वजावट आहे, 1500 सीसीपर्यंत 1000 रुपये, त्यापुढे 2000. आणि एक क्लेम घेतला की नो क्लेम बोनस गेला. तो पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्के असा चढत जातो. म्हणजे सहाव्या वर्षी नुसत्या टवक्यांसाठी बोनेट रंगवायचा क्लेम टाकला तर जेवढे मिळतील त्याहून जास्त पुढच्या प्रीमियमला जाऊ शकतात. (बोनस ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर असतो, थर्ड पार्टीवर नाही.) त्यामुळे छोटं रंगकाम खिशातूनच होतं असं धरून चाला, मग फिल्मशी तुलना करा.

अजून एक, फिल्म असलेलं पॅनेल ठोकलं तर सर्व्हेच्या आधी फिल्म ओढून काढू नका. आहे तसे फोटो काढा, सर्व्हेयरला बघू द्या, मग काय ते करा.

हिशेब_चोख

नो क्लेम बोनसचा मुद्दा बरोबर, तो मी धरला नव्हता. पुढच्या भागापुरतं मग पटतं. फुल बॉडीला माझा विरोध कायम.

पिंपरीचा_पक्या

काढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या ऑफिसातल्या एका सरांनी गाडीला फिल्म केली होती, वॉरंटी संपून बराच काळ झाला तरी तशीच ठेवली होती. दिसायला बरी होती, कडेने फक्त काळी रेघ धरलेली. मग विकायच्या वेळी काढायला गेले तर ती सलग निघेचना, नखाएवढे तुकडे पडत होते, हीट गन मारून मारून गोंद पुसत दोन दिवस दोन पोरं बसली होती. आणि एक फेंडर आधी कधीतरी बाहेर रंगवलेला होता, त्याचा रंग फिल्मबरोबर सोलून आला, खाली प्रायमर दिसायला लागला. बाकीच्या, कंपनीच्या रंगाला मात्र काही झालं नाही, आणि तो इतका नवा दिसत होता की आम्ही बघतच राहिलो. तर फिल्म कायमची नसते, तिची मुदत संपली की काढायची, आणि काढण्याचा खर्चही आताच विचारून ठेवा.

चाकण_रोजचं

ठरलं. फुल बॉडी नाही. बोनेट, पुढचा बंपर, फेंडर, आरसे, हेडलाइट, मागच्या चाकाच्या पुढची जागा, दारांच्या कडा आणि हँडलच्या मागची वाटी (तिथे बायकोच्या अंगठीचे चरे पडतात), एवढंच. 85 हजारवाल्याकडे काल जाऊन आलो. त्याच्याकडे प्लॉटर आहे, तुकडा ओढून दाखवला, गरम पाणी मारूनही दाखवलं, रोल माझ्यासमोर उघडायला तयार आहे आणि एवढ्या भागाचे जीएसटी धरून 38 हजार म्हणाला. 55 हजारवाल्याने तुकडा द्यायलाच नकार दिला. शोरूमला नाही म्हणून कळवलं तर ते म्हणाले मग निदान डिलिव्हरीच्या आधी पॉलिश आणि टेफ्लॉन कोटिंग तरी करून देतो. ते करू द्यावं का? आणि गाडी घेतल्यावर किती दिवसांनी फिल्मला टाकू? पाऊस अजून अधूनमधून चालू आहे इकडे.

रंगदार_नाशिक

पॉलिश नको, टेफ्लॉन नको, काहीच नको. लेखी द्या की गाडी फक्त पाण्याने धुवून द्या. वॅक्स-टेफ्लॉन लागलं की फिल्मवाल्याला ते आधी उतरवावं लागतं नाहीतर गोंद नीट धरत नाही, आणि घाईघाईत मशीन फिरवून काळ्या रंगावर पडलेल्या गोल खुणा फिल्मच्या आत कायमच्या बंद होतात.

गाडी ताब्यात घ्यायच्या आधी, पीडीआयला (डिलिव्हरीआधीच्या तपासणीला) जाल तेव्हा, फिल्मवाल्याचं पेंट मीटर घेऊन जा किंवा त्यालाच बरोबर न्या. यार्डात धक्का लागून एखादं पॅनेल रंगवलेलं असू शकतं, ते आत्ताच कळलेलं बरं. तसं निघालं तर घेऊच नका, वाद घाला. एरवी कंपनीच्या रंगाला थांबायची गरज नाही, शोरूममधून थेट फिल्मला नेली तरी चालते. बाहेर रंगवलेल्या पॅनेलला मात्र निदान महिनाभर थांबावं लागतं, रंगातली द्रव्यं उडून जायला वेळ लागतो.

गाडी तिथे दोन दिवस ठेवायची तयारी ठेवा, संध्याकाळी देतो म्हणणाऱ्याला घाई करू नका. कडा आत वळवतोय का ते बोनेट उघडून बघा, जिथे वळवता येत नाही तिथे कड पत्र्याच्या टोकाच्या जरा आधी सरळ थांबलेली हवी, वाकडीतिकडी नको. पार्किंग सेन्सरच्या गोलाभोवती नीट कापून घ्यायला सांगा आणि तुमच्या गाडीला पुढच्या बाजूला रडार (समोरच्या गाडीचं अंतर मोजणारं) असेल तर तेही आधी बोलून घ्या. पहिल्या आठवड्यात धुवायची नाही, मामांनाही सांगून ठेवा. आत पाण्याचे बारीक फुगे किंवा धुरकटपणा दिसेल, घाबरू नका, दोन-तीन आठवड्यांत उडून जातो, पावसाळी हवेत थोडा जास्त वेळ घेतो. पण आत धुळीचा कण किंवा केस अडकलेला असेल तर तो उडत नाही, ते त्याच दिवशी ट्यूबलाइटच्या उजेडात बघून तिथल्या तिथे बदलून घ्या. नंतर धुताना प्रेशरची नळी कडेवर जवळून मारायची नाही, आणि बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू द्यायचं नाही, त्या क्षारांचे पांढरे डाग फिल्मवर पक्के बसतात.

भाट्ये_किनारा

आणि गावी जायच्या आधी टचअपची बाटलीही घेऊन ठेवा हो, दारांच्या खाली आणि छपराच्या पुढच्या कडेला फिल्म नाहीये तुमच्या.